साहेबांचं ‘आलोच’

साहेब,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

उद्या पोलीस ठाण्यात माझ्या धाकट्या भावाच्या फोटोला हार घालून तुम्ही दरवर्षीचंच ऐकवाल, “वाघ होता. मदतीची वाट न बघता एकटा आत घुसला.”

वाघ कसला? पाल दिसली की खुर्चीवर चढायचा. त्या घराबाहेरून त्याने तुम्हाला फोन केला तेव्हा हवालदार शेजारीच होता, त्यानेच मला सांगितलं. “साहेब, आत बंदूक आहे, माणसं पाठवा.” तुम्ही म्हणालात, “हो पुढे, आलोच.” आलात ते थेट हार घेऊन. तो आतल्या बाईच्या किंकाळ्या ऐकून आत शिरला.

हे पत्र टाकत नाही, तुम्ही फाडाल. उद्या दोन शब्द बोलायला तुम्हीच मला बोलावलंय. तो भ्याला होता, त्याने मदत मागितली होती आणि कुणाकडे, एवढंच बोलेन.

त्या भित्र्याची थोरली बहीण