खांबांचं गाणं

प्रिय सुफ्या,

तू रविवारी येणार म्हणून कशेळ्यात आपले बॅनर लागलेत. फोटोत तुझ्या गळ्यात हार छापलाय, माझ्या नाही. गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा.

भिवपुरीला वीजघरामागे आपण पहिला व्हिडिओ केला, आठवतंय? मी लिहायचं, तू म्हणायचं. लाखभर लोकांनी बघितल्यावर तू आठवडाभर काळा चष्मा काढला नव्हतास, मेल्या. आता आपली जोडी पार दुबईला गाऊन आली. चार महिन्यांमागे आईच्या दुखण्यापायी मी वाडीवर परतलो, तर शाळेतली पोरं डबे बडवत आपलीच गाणी म्हणत होती. चारचौघांत आपल्या बोलीतलं ‘हाय-नाय’ बोलायला लाजणारी पोरं ही. मला भरून आलं रं.

पण ‘खांब’ या गाण्यानं घात केला. ‘उपट खांब, मोकळी कर वाट’ हे मी मुंबईत एसीत बसून लिहिलं. इथं वाडीतल्या चांगोने ते मनावर घेतलं. झऱ्याच्या वाटेवर फार्महाऊसवाल्या शेठने तार ठोकली होती. तिचे अकरा खांब चांगोने दिवसाढवळ्या उपटले, मोबाईलवर आपलं गाणं लावून. त्याच संध्याकाळी तो बाजारात म्हणून गेला, तो परतलाच नाही. आज नववा दिवस. त्याची बायको ठमी रोज माझ्या दारात येऊन विचारते, तुमच्या गाण्यात पुढं काय हाय. पुढचं मी काही लिहिलंच नव्हतं, हे तिला कसं सांगू?

रविवारचा कार्यक्रम शेठच्याच मंडळाचा आहे, हे मला काल कळलं. काल मी तुला फोनवर म्हणालो, एकटाच ये, कुंभिवलीला गाडी घ्यायला येईल. तेव्हा शेठची चार माणसं माझ्या पडवीत बसली होती आणि आई आत झोपली होती. त्यांनी सांगितलं ते मी बोललो. माझीच मला लाज वाटतेय. माझा मोबाईल आता त्यांच्याकडे असतो, म्हणून हे पत्र. तुझी बहीण रुबिना माझ्याहून धीराची. ती अम्मीला घेऊन आज तुझ्याकडे निघतेय, तिच्या पिशवीत देतोय. रविवारी येऊ नकोस. शनिवारी ते मला परत फोन करायला लावतील. मी ये म्हणेन, आईची शपथ घालीन. तरी येऊ नकोस.

अजूनही तुझाच,
किशोर