यादीची भाषा

१४ नोव्हेंबर

प्रिय शहाण्या,

अनेक आशीर्वाद. महिना अक्षरात लिहिला आहे. हल्ली तारीख आकड्यांत लिहायला हात धजत नाही.

आईचा गुडघा बरा आहे. जिना चढते आणि चढताना सगळ्या शेजाऱ्यांचा उद्धार करते, म्हणजे तब्येत ठणठणीत. तिच्याकडूनच कळलं की प्रयोगशाळेतली नोकरी तुला मिळाली नाही. 'ऐन वेळी काय बिनसलं कोण जाणे,' म्हणाली. मी मान खाली घालून भाजी चिरत राहिले.

दवाखान्यात तुझ्या खुर्चीवर आता मी बसते. रोज सकाळी सहाला यादी आपोआप निघते, मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडे जाते आणि डोळे तपासायला कधी यायचं ते पेशंटच्या मोबाइलवर पोचतं. कोणीही लॉगिन केलं तरी यादीची भाषा बदलणार नाही, तारीख एकाच पद्धतीने जाईल, अशी सोय मी करून घेतली. मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, 'याला म्हणतात जबाबदारी!' टाळ्या पडल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तुझ्यावर माझा राग होता, हे आधी सांगते. तुला तिथे चिकटवलं मी, आणि वर्षभरात तू माझ्याच डोक्यावर बसलास. पडद्यावरचा एखादा इंग्रजी शब्द अडला की सगळ्यांदेखत म्हणायचास, 'अगं ताई, एवढंही येत नाही तुला?' रिसेप्शनवरच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. फेब्रुवारीत तू रजेवर गेलास तेव्हा यादी बघायला म्हणून तुझ्या खात्यात शिरले. पासवर्ड तूच दिला होतास, आणि बजावलंही होतंस, 'भाषेला हात लावू नकोस, यादी तीच भाषा उचलते.' मी मुद्दाम लावला. आपली भाषा केली, शब्द कळायला लागले, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

भाषेबरोबर तारखेची मांडणीही उलटली. दिवस आधी, महिना नंतर. कंपनीचं यंत्र महिना आधी वाचायचं. बारा तारखेपुढचे मेसेज बरोबर जात होते, कारण तेरावा महिना नसतो हे यंत्रालाही कळतं. बाकीचे पेशंट भलत्याच दिवशी यायचे आणि आपण त्यांनाच वेंधळे ठरवून परत पाठवायचो. यादी आपोआप निघायची, म्हणून रजेवरून परतल्यावरही तू त्या खात्यात डोकावला नाहीस; दोन महिने असं चाललं.

मग शिवणकाम करणाऱ्या त्या बाई पाच मार्चऐवजी तीन मेला आल्या. उजवा डोळा गेला होता. 'यात हेच लिहिलंय हो,' म्हणत प्रत्येकापुढे मोबाइल धरत होत्या.

चौकशी बसायच्या आत मी भाषा पुन्हा होती तशी केली. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस आणि डॉक्टरांना म्हणालास, 'खातं माझं आहे, चूक माझी.' तुला कळलं होतं, तरी नोकरी घालवून घेतलीस. तुझ्या त्या उपकाराचा मला संताप आला, अजून येतो. तू भांडला असतास तर मी कबूल केलं असतं, असं सहा महिने स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते.

कारण प्रयोगशाळेतून तुझी माहिती विचारायला फोन आला, तो मीच उचलला. तिथल्या बाईंनी विचारलं, 'चूक त्यांचीच होती ना?'

मी हो म्हणाले.

काल त्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं. जागा भरली गेली होती. उद्या साडेनऊला मोठ्या डॉक्टरांकडे जाते आहे, तिथून त्या शिवणकामवाल्या बाईंच्या घरी. त्या दारात उभं करतील की नाही, माहीत नाही. हे पत्र तुला पोचेल तोवर सगळं सांगून झालेलं असेल. तुला फोन केला असता तर तू 'जाऊ दे ना ताई' म्हणाला असतास, आणि मी जाऊ दिलं असतं.

तुझी,
ताई