ऑफिसच्या पायऱ्यांवरचा कोलू

तंजावूर, नवरात्रातली सप्तमी

ती. रंजनाअक्कांस, धाकट्या वेंकटचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? इथे माझी कंबर सोडून सगळं क्षेम. फोन न करता लिहितोय, कारण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि अर्धं पापनाशम ऐकतं. शिवाय आपल्या दोन्ही घरांत बाळबोध वाचणारे तुम्ही नि मीच उरलो, तेव्हा पत्र कुणी उघडलं तरी बिघडत नाही.

तर आमची सून हरिप्रिया. लग्नात तुम्ही म्हणालात, पोरगी फार गरीब दिसते. अक्का, तुमचं एवढं चुकलेलं भाकीत दुसरं नाही. परदेशी डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायचं तिचं काम, तुमच्याच विघ्नेशच्या हाताखाली. (तो मॅनेजर झाला तेव्हा तुम्ही गल्लीभर म्हैसूरपाक वाटलात, मला दोनच वड्या आल्या, असो.) आता ते काम एआय करणार, दसऱ्यानंतर कुणी येऊ नये, अशी पत्रं सगळ्या बायकांना आली. खाली सही विघ्नेशची. मी म्हटलं, नशीब. ती म्हणाली, मामंजी, बाहुल्यांची पेटी माळ्यावरून काढून द्या.

आणि प्रतिपदेला या बायकांनी ऑफिसच्या दारातच नवरात्रातल्या बाहुल्यांचा कोलू मांडला. घरी बाहुल्यांसाठी फळ्यांच्या पायऱ्या रचाव्या लागतात, तिथे आयत्या ग्रॅनाइटच्या. सगळ्यांत वर कलश, खाली राम, सीता, वाणसामान मांडून बसलेले चेट्टियार आणि चेट्टिणी, सगळ्यांच्या कानांवर कापसाचे हेडफोन. (कंबर त्या पेटीपायीच गेली. टाउन बसच्या कंडक्टरने पेटीचं तिकीट फाडलं, पण ती कशासाठी ते ऐकल्यावर पैसे परत दिले आणि संध्याकाळी बायकोला घेऊन कोलू बघायला आला.) विघ्नेश तो उचलायला आला खरा, पण मांडलेला कलश दशमीआधी हलवणार कोण? आणि बूट घालून वर चढणार कसा? बिचारा मोज्यांवर उभा राहिला. हरिप्रियाने त्याच्या हातात प्रसादाच्या चण्यांचा, सुंडलचा द्रोण दिला. पोलीस आले, त्यांनाही द्रोण. आल्यागेल्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही हा आपला रिवाज, त्यामुळे रिक्षावाले, बँकेतले कारकून, सगळं गाव लोटलं. कॉलेजची पोरं तर उठतच नाहीत. म्हणतात, आज या, उद्या आम्ही. चणे भिजवायचं खातं माझ्याकडे आहे.

मी उभा जन्म सरकारी नोकरी केली, पण साहेबासमोर खुर्चीत कधी टेकून बसलो नाही. ही पोरगी त्यांच्या दारात मांडी घालून बसते आणि येणाऱ्याला कुंकू लावते. मला तिचा फार अभिमान वाटतो, अक्का.

मोठ्यांना नमस्कार, लहान कुणी घरात उरलं असेल तर आशीर्वाद.

तुमचा,
वेंकट

ता. क. दशमीला हळदकुंकवाला याच. कलश हलला की आम्हांला हटवायला कुणाची आडकाठी नाही. पण मॅनेजरची आईच पायरीवर बसली असेल तर तिला उठवायची छाती कुणाची?

पुन्हा ता. क. वरचा मजकूर हरिप्रियाने शेजारी बसून लिहवून घेतला. ओळ न् ओळ वाचून दाखवायला लावत होती, ती आता उठली, म्हणून हे. विघ्नेशलाही तसंच पत्र आलंय. माणसंच नाहीत तर मॅनेजर कशाला? तुम्हांला तो फोनवर कामाचा फार ताप आहे म्हणतो ना, तो रोज संध्याकाळी सगळ्यांत खालच्या पायरीवर एकटा बसलेला असतो. सह्या केल्या म्हणून बायकांना तोंड दाखवायची लाज, आणि तुम्हांला त्याहून जास्त. आईला सांगू नको म्हणून त्याने माझा हात धरला, तेव्हा मी सांगितलेलं नाही. तुम्ही आपल्या हळदकुंकवाला आलात. वर जाऊ नका, काही विचारूही नका, नुसत्या त्याच्याशेजारी बसा.