एकटीचा तंबू

४ जानेवारी, शनिवार

हो म्हणून बसले! आता काय करू?

अपूर्वचा पुण्याहून फोन. ह्यांना जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून दर शनिवारी हीच टेप — आई, रत्नागिरीत एकटी किती दिवस काढणार, इकडे ये, आर्याही सासूची वाट बघतेय. मी म्हटलं, माझं करवंटीचं काम आहे. वाडगे, डाव, केसांच्या पिना — लोक विचारत येतात. प्रदर्शनं आहेत. तर म्हणतो, "प्रदर्शनं? बाबा आणि गडी लवू मांडव घालायचे तेव्हा तू खुर्ची टाकून बसायचीस. एकटीला तंबू तरी उभारता येईल का तुला?"

डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, येईल!

"मग तीन प्रदर्शनं करून दाखव. कुणाचा हातसुद्धा लागता कामा नये. जमलं तर पुण्याचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर शिमग्याआधी गाडी घेऊन येतो. सामान बांधायचं."

आणि मी — चालेल! ज्या बाईला वाऱ्यात छत्री सांभाळता येत नाही, ती म्हणे तंबू उभारणार. ह्या घरातून मी जाणार नाही, एवढं मात्र खरं. मागच्या पडवीत बसून काम करायची सवय झालीय. पुण्याच्या सातव्या मजल्यावर करवंटी घासली तर खालचे पोलीस बोलावतील.

७ जानेवारी, मंगळवार

तंबूंमध्येही जाती असतात! मला वाटायचं, तंबू म्हणजे तंबू.

दुकानदार विनीत. आधी एक लोखंडी सांगाड्याचा दाखवला. "काकू, हा घ्या. वाघ आहे वाघ. फक्त दोन माणसं लागतील." मी म्हटलं, मी एकच आहे. तर तो माझ्या पाठीमागे बघायला लागला — काका गाडी लावून येतायत असं वाटलं असेल. कोणी येत नाहीये म्हटल्यावर बिचारा गोरामोरा झाला.

पिशवीचे बंद धरून उचलायला गेले. वाघ जागचा हलेना. मीच हलले.

मग ॲल्युमिनियमचा. दम लागला, पण उचलला. म्हटलं, आता इथेच उघडून बघते. तो सारखा मदतीला पुढे! शेवटी त्याला हात मागे बांधून उभं केलं. पंख्याला लागता लागता राहिला, पण उघडला. हाच घेतला. निळं छप्पर स्वस्तात देत होता. नको म्हटलं, निळ्याखाली माणूस आजारी दिसतं, माझे वाडगे तर मेल्यासारखे दिसतील. पांढरं घेतलं.

९ जानेवारी

बोट सांध्यात चिमटलं. रक्त. तोंडातून अशी शिवी गेली की कुंपणापलीकडचा कुत्रा उठून गेला. कुठे शिकले मी ही?

११ जानेवारी, शनिवार

जमलं! अंगणात, एकटीने, सकाळीच!

माझी चूक कळली. मी एकाच पायाला धरून ओढत होते, म्हणून तीन पाय रुसून बसायचे. सगळ्या पायांभोवती फिरायचं. ह्याला थोडं, त्याला थोडं, मग पुन्हा पहिल्याकडे. पंगतीत वाढावं तसं, एकाच पानात सगळं नाही. आणि छप्पर घालायचं ते सांगाडा बुटका असतानाच, हात पोचतोय तोवर. मग एका बाजूचे दोन पाय वर, मग दुसऱ्या बाजूचे. खट्, खट्. काय गोड आवाज!

आत जाऊन उभी राहिले. उगाचच. बराच वेळ.

१२ जानेवारी, रविवार

भरभर लिहितेय. अक्षर बघा!

शहराच्या वरच्या कातळावर प्रदर्शन. सकाळी तंबू उभा केला — कुणाचा हात नाही, काही नाही. खुंट्या ठोकायला गेले तर कातळात कसल्या जातायत! वाकल्या. म्हटलं, वारा कुठे आहे? पान हलत नव्हतं. शिवाय ऊन नको म्हणून तिन्ही बाजूंचे पडदे गच्च बांधले आणि तोंड समुद्राकडे केलं — गिऱ्हाइकाला छान दिसावं म्हणून! कोकणात जन्म गेला माझा. दुपारी खारा वारा सुटतो हे मला कुणी सांगायला हवं होतं?

जेवायच्या सुमाराला सुटला. आधी छप्पर फुगलं. मग आमच्या डोळ्यांदेखत तंबूने पाय उचलले. मी एक पाय धरला, तर मीही टाचांवर! सोडला. तो गेला वरून, दोन रांगा ओलांडून, आयोजकांच्या गाडीवर जाऊन चारी पाय वर करून पडला. त्याच गाडीच्या सावलीत एक बाई बाळाला पाजत बसली होती. नुकतीच उठून गेलेली. नुकतीच!

मी मटकन खाली बसले.  शेजारच्या स्टॉलवरची शमीम — ती शिंपल्यांच्या माळा करते — पाणी घेऊन आली. म्हणाली, "वैनी, तुमी तंबू नाय, शीड लावलंव शीड! जयगडपरत गेला नाय ता नशीब."

मला हसूही येईना, रडूही.

संध्याकाळी अपूर्व. "कसं झालं?" खोटं बोलवेना. उडाला म्हटलं.  तर म्हणतो, "म्हणजे नाहीच जमलं."

"उभारला एकटीनेच होता. उडालाही एकटाच!"

हसला नाही. एरवी हसला असता. म्हणाला, "बरं, अर्धं धरू. पुढची दोन बघू." आवाज कसा तरी ओढलेला. माझीच काळजी असेल त्याला.

१८ जानेवारी

तंबूची वाकलेली पट्टी विनीतने बदलून दिली. शमीमने फोनवर शिकवणी घेतली. कातळावर खुंटी नाही, वजन. प्रत्येक पायाला दोरीने जांभ्या दगडाचा चिरा बांधायचा, तोसुद्धा छपराच्या कोपऱ्यापासून, नुसता पायापाशी नाही. पडदे दोन बाजूंना मोकळे ठेवायचे. "वाऱ्याला वाट द्या वैनी, तो रवाला नाय येत, जावाला येतो."

चिरे एकेक करून चाकाच्या गाडीवर चढवून पाहिले. कंबर बोलतेय, पण माझ्याच बाजूने.

२ फेब्रुवारी, रविवार

देवरूख. आज मी एका भल्या माणसाच्या हातावर फटका मारला! सगळ्यांसमोर!

आयोजक हरिश्चंद्र — पांढरी टोपी, तोंडभर हसू. मी दुसऱ्या बाजूचे पाय वर करत होते, तर हे आले आणि "ताई, थांबा" म्हणत पाय धरला. माझ्या तोंडून "हात काढा!" आणि सोबत चापट. कॉलेजच्या पोरी बघत राहिल्या. मीही माझ्याकडे बघत राहिले.

मग सगळं सांगितलं त्यांना, पैजेचं. तर माणूस एवढा खूश की दिवसभर माझ्या स्टॉलपुढे राखण करत बसला. कुणी जवळ आलं की, "घ्यायचं ते घ्या, तंबूला हात लावायचा नाय हां!"

तंबू जागचा हलला नाही. दुसरं प्रदर्शन पदरात! फोनवर सांगितलं. अपूर्व म्हणाला, "अरे वा." एवढंच. मला राग आला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दारात अपूर्व! न कळवता! मी ओरडलेच.

कामासाठी आलो होतो म्हणाला. वाळलाय. सोलकढी दोन वाट्या प्याला, मग पानावर बसून नुसता भात चिवडत राहिला. दुपारी घरभर फिरून फोटो काढले — पडवी, विहीर, माडीसुद्धा. विचारलं तर, "असेच. आठवण." मला भरून आलं. पोरगं कधी असं हळवं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीने गेलासुद्धा.

९ फेब्रुवारी, रविवार

जयगड. खाडीच्या तोंडाशी. सकाळपासूनच वारा. चार चिरे, चार दोऱ्या, दोन्ही बाजू मोकळ्या. आजूबाजूचे तीन तंबू डोलायला लागले, एक आडवा झाला. माझा नुसता कुरकुरत उभा! शमीमने लांबून दोन्ही हात वर केले. मी जिंकले. जिंकले!

आणि तेव्हाच ती दोघं आली. नवरा-बायको, मुंबईची. बाईने वाडगा हातात घेतला, पाटी वाचली आणि म्हणाली, "सगुणाताई म्हणजे तुम्हीच का? तुमचं घर आम्हाला खूप आवडलं हो. फोटो पाहिले. मागची पडवी तेवढी पाडावी लागेल, गाडीसाठी."

मी म्हटलं, कोणतं घर?

नवऱ्याने तिचा दंड धरला. "तुमच्या मुलाने सांगितलं नाही? तुम्ही मार्चमध्ये पुण्याला जाताय, मग सही करणार म्हणाला ना."

कानात दडे बसले. वारा, लोक, लाउडस्पीकर — काही ऐकू येईना. बाईने वाडगा कागदात बांधून मागितला. मी बांधून दिला! हात आपले काम करत होते. माझा मुलगा. माझं घर. मी इथे बोटं चिमटून घेतेय, चिरे उचलतेय, पैज खरी मानून भल्या माणसांना चापट्या मारतेय, आणि तो गिऱ्हाईक बघून बसलाय!

तंबू एकटीनेच उतरवला. शमीमने एकदा विचारलं, "वैनी, कुणी काय बोलला काय?" मान हलवली फक्त. ती जवळ उभी राहिली. हात मात्र लावला नाही तिने.

१० फेब्रुवारी, सोमवार

फोन केला. जिंकले म्हणून नाही सांगितलं. "घर विकायला काढलंस?" एवढंच विचारलं.

त्याने फोन कापला.  पुन्हा लावला, बंद. दिवसभर बंद.

हा कोण? ह्याला मी वाढवला? आज जेवले नाही. करवंटी हातात धरून पडवीत बसून राहिले. इतका राग मला ह्यांच्यावरसुद्धा कधी आला नव्हता. समोर आला तर दारात उभं करणार नाही. लिहून ठेवते. नाही करणार.

११ फेब्रुवारी

फोन बंदच. आर्याला लावायचं धाडस होत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दार उघडलं तर पायरीवर अपूर्व. पाठीवर ऑफिसची बॅग. वर बघेना. म्हणाला, "दिवाळीपासून नोकरी नाही, आई. आर्याला माहीत नाही. रोज ही बॅग घेऊन निघतो आणि बागेत बसतो." बॅग पायरीवर उतरवली. आणि मग, "मला इथे राहू देशील?"