रद्दी

प्रिय ठमाबाई,

आधी पाटीचं सांगतो, कारण तू तीच मागितली आहेस. म्हणजे तू आईला पाठवलेला तो ई-रीडर. घरात आल्या दिवसापासून तुझी आई त्याला पाटीच म्हणायची. पाटी धडधाकट आहे, काचेवर साधा ओरखडा नाही. चार्जरसकट परवा पार्सल करतो. पण ती हातात पडायच्या आत तू हे वाचायला हवंस, म्हणून पत्र आजच टाकतोय.

आई गेल्यावर महिनाभर मी पाटीला हात लावला नाही. घर खायला उठायचं. तिच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवलाय, निदान कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. मग तुझं पत्र आलं, त्यात पाटीची मागणी आणि खाली तो एक प्रश्न, आई जाताना माझ्याबद्दल काही बोलली का. मी फोनवर सरळ नाही म्हणालो. खोटं नव्हतं गं ते. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस, असं तुला फोनवर बोलल्यानंतर दोन वर्षं तिने तुझं नाव काढलं नाही. तुझा फोन आला की उठायची आणि घासलेली भांडी परत घासत बसायची. मी मध्ये पडलो नाही. म्हटलं, दोघी सारख्याच हट्टी, येतील आपोआप वळणावर. तू आलीस ती सगळं आटोपल्यावर. त्यात माझाही दोष आहे.

तर म्हटलं, पाटी पाठवायचीच आहे तर नीट लावून पाठवू. चौतीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं लावली मी! तुझ्या आईचा कारभार उघडला आणि कपाळाला हात लावला. फोल्डरांची नावं काय, तर ‘दुपारची’, ‘रडकी’ आणि ‘ह्यांना सांगू नये अशी’. त्या शेवटच्यात निव्वळ खुनाच्या कादंबऱ्या निघाल्या. खूप दिवसांनी हसलो. मग अगदी तळाला एक फोल्डर दिसला, ‘रद्दी’. आत अकरा पुस्तकं, आणि ती अकराच्या अकरा दुसऱ्या फोल्डरांत होतीच. दुबार प्रती. ग्रंथालयात आम्ही दरवर्षी दुबार प्रती बाद करायचो. शिक्का मारला की विषय संपला. इथे शिक्काही लागला नाही. पाटीने विचारलं, नक्की काढून टाकायचं का. मी म्हटलं, नक्की. मग उरलेली सगळी पुस्तकं लेखकांच्या नावांप्रमाणे लावली, तिचं शुद्धलेखनसुद्धा सुधारलं, आणि स्वतःवर खूश होऊन चहा केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही उगाच नाही.

खरं तर तो ‘रद्दी’ शब्द तिथेच खटकायला हवा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती दुपारी एका वहीत काहीबाही लिहायची. मी चेष्टेत म्हणालो, काय गं ही रद्दी जमवतेस. ती वही मला पुन्हा कधी दिसली नाही. पुढे वाणसामानाची यादी लिहितानाही ती म्हणायची, थांबा, माझी रद्दी चालली आहे. आणि मी हसायचो. गाढव कुठला!

गेल्या आठवड्यात पाटीवरून शेवटचा हात फिरवताना आणखी एक दुबार प्रत सापडली. ही त्या फोल्डरात टाकायची तिच्याकडून राहून गेली असावी. काढून टाकायला गेलो, तर बोट चुकीच्या जागी पडलं आणि पुस्तक उघडलं. ओळींच्या मध्ये तिचे शब्द होते. या पाटीवर वाचता वाचता टिपण लिहिता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. प्रत्येक पुस्तकाची एक प्रत तिने वाचायला ठेवली होती आणि एक लिहायला. जवळजवळ प्रत्येक टिपणाची सुरुवात ‘ठमे’ अशी. ठमे, ही बाई तुझ्यासारखीच दार आपटते. ठमे, गुडघा फार दुखतोय, ह्यांना कळू देऊ नकोस. शेजारच्या खुर्चीवर बसून मी वर्तमानपत्र वाचायचो, आणि ही बाई दोन वर्षं तुझ्याशी बोलत होती! दुरुस्तीवाल्याकडे तीन खेपा घातल्या. काढलेलं आता परत येत नाही, म्हणाला. शेवटी शेवटी तो माझ्याकडे बघेचना.

तेव्हा फोनवरचं माझं ते ‘नाही’ खोडून टाक. बोलली गं, पुस्तकंच्या पुस्तकं भरून तुझ्याशीच बोलली. त्यातलं एकच पुस्तक मी तुला पाठवतोय. मला माफ कर, असं लिहायची माझी हिंमत नाही. शेवटच्या पानावरचं टिपण तेवढं जसंच्या तसं उतरवतो. ‘ठमे, त्या दिवशी फोनवर तुला मी तसं का बोलले, ते एकदा सगळं सांगणार आहे. पण इथे पुस्तक संपलं. उरलेलं पुढच्यात लिहिते.’ ते पुढचं मी रद्दीत काढलं.

तुझाच करंटा,
बाबा