गल्ल्याची वायर

ती. ज्योतीअक्कास ललितचा साष्टांग नमस्कार. दाजींची कंबर आता बरी असेल, मेघाचे पुढचे दात आले असतील. पोचल्याचं पत्र त्याच दिवशी टाकतो म्हणालो होतो, पण रोज उद्यावर ढकललं. फोन केला असता, पण त्याचं चार्जिंगचं भोक आत कुठवर जातं ते मी सुईने पाहिलं, तेव्हापासून तो चार्ज होत नाही. (सगळे नंबर त्यातच राहिले, म्हणून कागद घेतला.)

तुझ्या शब्दावर अभिमननानांनी, तुझ्या चुलतसासऱ्यांनी, मला अमळनेरच्या किराणा दुकानात ठेवून घेतलं. यावलला केळीच्या ट्रकवर टिकलो नाही, धुळ्याला गॅरेजात टिकलो नाही, इथे टिकेन असं तूच त्यांना सांगितलंस. नाना म्हणाले, नसती उचापत केलीस तर पहिली एसटी धरायची. मी हो म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

पण अक्का, नानांनी बिलाचा नवा कॉम्प्युटर घेतलाय. समोरून तो टीव्हीसारखा, खरी मजा मागे. मागे नुसती भोकं. चार चपटी, त्यांत बारकोड वाचायची बंदूक वगैरे. एक नऊ काड्यांचं, त्यात वजनकाटा, म्हणून साखर ठेवली की वजन आपोआप पडद्यावर येतं. (वजन तारेतून जाताना तार जड होते का? हातात धरून पाहिली. नाही होत.) एक निळं, पंधरा टिंबांचं, ते मात्र रिकामं. कोणाची वाट बघतंय कोण जाणे.

काल नाना तुझ्या धाकट्या दिराच्या बाळाच्या जावळासाठी तुमच्याकडे शिरपूरला आले आणि मी सगळ्या वायरी काढल्या. फक्त कोणती कुठे बसते ते बघायला. परत लावताना कळलं, नको ती पिन भोक आत घेतच नाही. (गावांचंही असं असतं तर माझी बरीच पायपीट वाचली असती.) एकच वायर अडली, घरच्या जुन्या फोनसारख्या पिनेची. ती इंटरनेटच्या भोकात, जरा सैल का होईना, बसली. मी खूश.

नानांचा नेम तुला माहीत आहे. सकाळी पडद्यावर बोट ठेवलं की गल्ला टणकन बाहेर येतो, त्यातल्या लक्ष्मीला अगरबत्ती ओवाळायची, मगच बोहनी. आज मी बोट ठेवलं. गल्ला गप्प. किल्ली नानांच्या करदोड्याला, करदोडा शिरपुरात. तेवढ्यात झुलालआबा चहापत्तीला आले. गल्ल्याला ओवाळल्याशिवाय बोहनी करायला तयार होईनात, आणि जाईनातही, ओट्यावर बसले. रत्नाकाकू तेलाला आल्या, तर म्हणाल्या पहिला नंबर आबांचा. मागून येईल तो त्यांच्या मागे बसला आणि ओटा भरला. बंद गल्ल्यालाच ओवाळ, असं कोणीतरी सुचवलं. आबा म्हणाले, "देव आत, धूर बाहेर. अशी पूजा व्हस का?" मग नानांना फोन लावू का, असं त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, कशाला, पाहुणचारात व्यत्यय नको. आता सगळे आळीपाळीने मशीनमागे वाकून भोकं बघताहेत आणि मी पोत्यावर बसून हे लिहितोय.

बाकी सर्व ठीक. मेघाला पापा.

तुझा ललित

ता.क. नानांना आजची रात्र ठेवून घे. मांडे कर, मांड्यांना ते नाही म्हणत नाहीत. आणि मशीन बसवणारा दानिश तुमच्याच गल्लीतला ना? फोनसारख्या पिनेची वायर कुठे जाते ते त्याला विचार. हे पत्र शिरपूर गाडीच्या भटू कंडक्टरकडे देतोय, उलट निरोप त्याच्याकडेच दे.

ता.क. दुसरा. अक्का, नाना आलेत. करमेना म्हणून सकाळच्याच गाडीने निघाले म्हणे. ओटाभर माणसं पाहिली, करदोड्याची किल्ली काढून गल्ला उघडला, ओवाळलं, आबांना चहापत्ती दिली. मला पहिली एसटी आठवली. मी पिशवी भरायला घेतली. तर ते मशीनमागे वाकले, न शोधता नेमकी तीच वायर उपसली आणि बिल छापायच्या यंत्राच्या पाठीत खोचली. गल्ला लोटून बंद केला, पडद्यावर बोट ठेवलं, आणि तो टणकन उघडला. मग ओट्याकडे बघत हळूच म्हणाले, "पिशवी ठेव ती. मीबी काढेल व्हती एकदाव. तुन्ही अक्काले सांगू नको."