आप्पांच्या कानाचं माप

॥ श्री ॥
सोलापूर,
२० जानेवारी १९७६

चि. मानसिंग यास सोपानचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे. तुझी खुशाली कळवावी.

परवा रविवारी सकाळी मी एक चोरटं काम केलं. आप्पा अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून दारातल्या उन्हात बसले होते. जप करता करता त्यांचा डोळा लागला. मी किराणाच्या पुड्याचा खाकी कागद त्यांच्या कानाशी हळूच धरला आणि पेन्सिलनं कानाभोवती रेघ ओढली. वरच्या पाळीतल्या भिकबाळीपाशी पेन्सिल अडखळली आणि ते जागे झाले. काय करतोस रं, म्हणाले. मी म्हणालो, माप घेतोय. त्यावर म्हणाले की म्हाताऱ्याला कुंची शिवतोस का काय, आन् शिवायचीच आसंल तर झालर बी लाव की. पुन्हा डोळे मिटले. मग मी दुसऱ्या कानाचंही माप घेतलं. दोन्ही कागद सोबत पाठवले आहेत. त्यावरचा डाग आप्पांच्या कानातल्या तेलाचा आहे.

आता कारण सांगतो. आई गेल्यावर आप्पांना वस्तीवरून इथं आणलं त्याला दोन वर्षं झाली. त्यांचं या गावात एकच सुख आहे. सकाळी सहाला पुणे केंद्रावर भक्तिगीतं लागतात, ती पटका बांधून, मांडी घालून ऐकायची. यंत्राला ते हात लावत नाहीत. बटण मी फिरवायचं. पण गेल्या महिन्यापासून त्यांना रेडिओ ऐकू येईनासा झाला आहे. आधी पुढं सरकून बसले, मग कान डब्याला टेकवला, आणि आता म्हणतात की कान गेलं, लावतोस कशाला. परवा तुझ्या रुक्मिणीवहिनीला म्हणाले की शहरात भैऱ्या मानसाचं काय काम, मागनं रिक्षा आली तरी कळायचं न्हाय. शिवरात्र झाली की वैरागची एस. टी. धरून वस्तीवर जायचं त्यांनी नक्की केलं आहे. तिथं कोण आहे? एक विहीर आणि त्यांचा दुखरा गुडघा.

रेडिओबरोबर आलेलं कानात घालायचं बोंडूक देऊन पाहिलं. ते टोचतं आणि सारखं गळून पडतं. मला डोक्यावरून घालायचं, दोन्ही कान झाकणारं हवं आहे. कान दुखता कामा नये आणि आवाज बाहेर येता कामा नये. किंमत साठ-सत्तरच्या वर नको. तू त्या धंद्यात आहेस, म्हणून लिहिलं. शिवरात्रीच्या आत व्हावं.

मुलांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
सोपान

॥ श्री ॥
पुणे,
२७ जानेवारी १९७६

तीर्थरूप दादांस मानसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र आणि आप्पांचे दोन्ही कान पोचले. पाकीट दुकानात उघडलं, तेव्हा आमचे मालक विचारू लागले की हा कुठल्या तालुक्याचा नकाशा. मी म्हणालो, बार्शी तालुक्याचाच आहे.

तुम्ही म्हणता त्याला हेडफोन म्हणतात. मी तीन पाहिले आणि तिन्ही डोक्याला लावून अर्धा-अर्धा तास रेडिओ दुरुस्त करत बसलो. पहिला लष्करातून निघालेला, जुन्या बाजारातला, अठरा रुपयांचा. स्वस्त आहे, पण टणक. कानाच्या पाळीवरच दाबून बसतो. त्याखाली भिकबाळी सापडली तर आप्पा माझं नाव सातबारावरून काढतील. दुसरा परदेशी, एका गिऱ्हाइकाला विकायचा आहे. फुलासारखा हलका, वर मऊ स्पंज. पण त्याची पाठ जाळीची आहे. गाणं माझ्या कानात चाललं होतं आणि गुणगुणत होता पलीकडच्या टेबलावरचा कारागीर. शिवाय दोनशे दहा रुपये.

तिसरा इथल्याच एका लहान कारखान्यातला, कान तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी करतात तसला. दोन बाजूंना दोन खोल वाट्या, पाठ बंद, कडेला रेक्झिनची गादी. अख्खा कान आत जातो आणि गादी कानाच्या भोवतीनं टेकते, कानावर नाही. आवाज बाहेर येत नाही, बाहेरची खटखट आत जात नाही. तुमचे कागद वाटीत ठेवून पाहिले. डावा कान अलगद बसला, उजवा जेमतेम. नवा पंचाण्णवला आहे, पण गादीला चीर गेलेला एक ते सत्तरला देतात. गादी मी नीट करीन. दोष एवढेच, की तो जरा जड आहे आणि सोलापूरच्या उन्हात कान उकडतील.

दोन गोष्टी कळवा. पट्टी डोक्यावरून जाते, तर आप्पा ऐकताना पटका काढतील काय? आणि दुसरं, रागावू नका. दिवाळीत मी आलो होतो तेव्हा आप्पांना रेडिओ छान ऐकू येत होता. दोन-तीन महिन्यांत कान असे कसे गेले? बोललेलं ऐकू येतं आणि रेडिओ तेवढा नाही, असं बहिरेपण आमच्या धंद्यात मी पाहिलेलं नाही. सेटमध्ये बिघाड असेल तर तो मी फुकट काढून देईन.

वहिनींना नमस्कार. धाकट्यावर रागावून का होईना, लक्ष असू द्यावं.

आपला,
मानसिंग

॥ श्री ॥
सोलापूर,
२ फेब्रुवारी १९७६

चि. मानसिंग यास अनेक आशीर्वाद.

सेटमध्ये बिघाड नाही. बिघाड माझ्यात आहे. तू विचारलंस म्हणून लिहितो. रुक्मिणीलाही सांगितलेलं नाही.

आमच्या भिंतीपलीकडे संगप्पा राहतो, आमच्याच गिरणीत मागावर आहे. सध्या त्याला दुसरी पाळी आहे. रात्री एकला घरी येतो, जेवून निजायला दोन वाजतात. मधली भिंत म्हणजे फळ्या आणि वर पत्रा. आप्पांना ऐकू जाईल एवढा रेडिओ सहाला लावला की त्याचं निजणं संपलं. तो कधी बोलला नाही. मीही दहा वर्षं पाळ्या केल्या, पण भिंतीच्या या बाजूला बसल्यावर विसरलो. डिसेंबरात एका सकाळी रेडिओ लावून मी पाणी भरायला निघालो, तर त्यांचं दार अर्धं उघडं होतं. सिद्धम्मा नवऱ्याच्या उशाशी बसली होती आणि त्याच्या दोन्ही कानांवर तिनं आपले तळहात धरले होते. मला पाहून तिनं लाजून हात काढले. मी घागर तिथंच ठेवून परत आलो आणि आवाज कमी केला.

त्याच वेळी आप्पांना सांगायचं होतं. पण वाटलं, सांगितलं तर ते रेडिओ कायमचा बंद करतील आणि आपली अडचण होते म्हणून गावी जातील. मग मी रोज केसभर आवाज उतरवत गेलो. त्यांना वाटलं, कान जात चालले. मी देवापुढं हात जोडून उभा राहतो आणि वळून तेच बटण मागं फिरवतो. जे टाळायला गप्प बसलो, तेच आता त्यांनी मनावर घेतलं आहे.

तो तिसराच पाठव. चीर गेलेली चालेल. पैसे मनिऑर्डरनं पाठवले आहेत. तू घालायचे नाहीत. सायकलचे टायर आणखी एक वर्ष निघतील. पटक्याचं म्हणशील तर देवाचं नाव बोडक्यानं ऐकायचं नाही असं आप्पांचं मत आहे, ते बदलणार नाही. पटक्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सुतळी धरून माप घेतलं आहे, ती सोबत आहे. या खेपेला ते जागेच होते. पुन्हा विचारलं नाही, नुसते हसले.

हे पत्र वाचून फाडून टाक. मला मात्र टाकू नकोस.

तुझा,
सोपान

अकलूज,
९-२-७६

चि. सोपानास बजाक्काचे आशीर्वाद.

आप्पांचं कारड आलं. कुनाकडनं लिवून घेतलं ठावं न्हाय. कान गेलं, आता वस्तीवर जातो, तू काळजी करू नगं, आसं लिवलंय. काळजी न करता काय करू? आन् तुमी दोगं भाऊ काय करताय तितं? एक रेडू दुरुस्त करतो, एक देवपूजा करतो, आन् म्हातारा चालला विहिरीतलं पानी शेंदायला. हितं ये म्हनून मी दोनदा कळवलं, तर लेकीच्या घरी ऱ्हायचं न्हाय म्हनत्यात. मग तुज्याच घरी ऱ्हायला पायजेत. काय बी कर, पाया पड, रड, खरं त्यास्नी जाऊ देऊ नगंस. माजी भाषा कडू वाटली तर वाटू दे, पोटात गोडच हाय.

बजाक्का

॥ श्री ॥
पुणे,
१५ फेब्रुवारी १९७६

तीर्थरूप दादांस मानसिंगचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

सोलापूर गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे, त्याच्या हाती हेडफोन पाठवत आहे. चिरलेली गादी उसवून आत सावरीचा कापूस भरला आणि शिवली. पट्टी सुतळीइतकी लांब नव्हती, म्हणून दोन्हीकडे पत्र्याची जोड दिली आहे. दोन्ही वाट्यांच्या तारा एकत्र केल्या आहेत, म्हणजे तुमच्या सेटवर दोन्ही कानांत सारखं ऐकू येईल. पिन भोकात पूर्ण खोचली की डब्यातला आवाज आपोआप बंद होतो. आधी आवाज कमी ठेवून मग वाढवा.

तुमचं पत्र फाडलं. दादा, एक सुचवतो. आप्पांना काही सांगू नका. हे डोक्याला लावलं की त्यांना लख्ख ऐकू येईल. यंत्रानं कान परत आणले असं ते समजतील, जायचं रद्द होईल, संगप्पा झोपेल. कुणी खोटं बोलायला नको, नुसतं गप्प राहायचं. तुम्ही लहानपणापासून खऱ्याचा फार त्रास करून घेता. पाटलाच्या बोरीची बोरं आपण तिघांनी खाल्ली आणि तुम्ही एकट्यानं जाऊन सांगून तिघांना मार खायला लावलात, हे अक्का अजून काढते.

एवढं ऐकावं. न ऐकलंत तरी लोभ आहेच.

आपला,
मानसिंग

॥ श्री ॥
सोलापूर,
४ मार्च १९७६

चि. मानसिंग यास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण जे घडलं ते पुरं होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

हेडफोन धड पोचला. पहिल्या दिवशी पटक्यावरून घातला तर पट्टी घसरून कपाळावर आली. तुझी पत्र्याची जोड चांगली आहे, माझी सुतळीची युक्ती चुकली. पटका मऊ असतो, दाबला की बसतो, हे मला सुचलं नाही. आप्पांनीच तोड काढली. आधी बोडक्या डोक्यावर हेडफोन घातला आणि पट्टीवरून पटका बांधला. आता जागचा हलत नाही. पटक्याखालून तार लोंबते. सिद्धम्मानं विचारलं की आजोबा कलेक्टरशी बोलतात का. आप्पा म्हणाले, व्हय, पर त्योच ऐकना झालाय. रेक्झिननं घाम येतो म्हणून रुक्मिणीनं जुन्या धोतराच्या खोळी शिवल्या. भिकबाळी आत मोकळी राहते. तासभर ऐकून काढला तरी कानावर वळ नाही. कुठं दुखतं का म्हणून मी तीनदा विचारलं, तर म्हणाले की बैलाला जू घातल्यावर तू इतकं इचारत न्हवतास.

ऐकू आलं तेव्हा त्यांनी मागं वळून पाहिलं. गाणारा पाठीमागं येऊन बसला असं त्यांना वाटलं. मग हात जोडले. मी तुझा सल्ला मानून गप्प राहिलो. संध्याकाळी ते चाळीत सांगत होते की माज्या पोरांनी कान परत आनलं. ते ऐकून मला भाकर गेली नाही. आणि जायचंही रद्द झालं नाही. आता म्हणू लागले की कानाची सोय झाली, ह्ये घेऊन वस्तीवर बसतो, भैरा बाप सांभाळायची तुमाला कशाला दगदग.

त्यात दुसरंच निघालं, जे ना तुला सुचलं होतं, ना मला. कान असे बंद झाले की माणसाला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवसापासून आप्पा गाणाऱ्याबरोबर गाऊ लागले. शेतात मोट हाकताना जो आवाज लागायचा, तो. रेडिओ एकदम मुका आणि आप्पांचा अभंग पत्र्यावर आदळतोय. पहाटे सहाला संगप्पा दारात येऊन उभा राहिला, डोळे लाल. माझ्याकडे पाहून हसला आणि आत गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

हळू गा, असं कशाच्या जोरावर सांगणार होतो? त्याला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं. सोमवारची एस. टी. ठरली होती. शिवरात्रीचा उपास झाला आणि रविवारी सकाळी मी आप्पांच्या समोर बसलो. ते पटका बांधायला लागले होते. मी हात धरला आणि सगळं सांगितलं. सिद्धम्माचे तळहात, रोज केसभर फिरवलेलं बटण, आणि हेही, की तुमचे कान गेलेले नाहीत, दिवाळीत होते तेवढेच आहेत, ते मी घालवले.

त्यांनी पटक्याचं टोक खाली सोडलं. मग विचारलं की किती दिस केलंस ह्ये. मी म्हणालो, दोन महिने. म्हणाले की दोन महिनं मी देवाला इचारतोय, माजं काय चुकलं म्हनून. मला वर पाहवेना. मग त्यांचा आवाज चढला. म्हणाले की मला का न्हाय सांगितलंस? मी आवाज बारीक केला नसता व्हय? मानूस निजलेला हाय ह्ये कळलं आसतं तर मी रेडू लावूच दिला नसता. शेजारधर्म काय तुला एकट्यालाच कळतो व्हय रं? त्या पोराची झोप माज्या नावावर गेली, आन् घरात समद्यास्नी ठावं, मला तेवडं न्हाय.

मी म्हणालो, सगळ्यांना नाही, घरात मला एकट्यालाच ठाऊक होतं. ते म्हणाले की मग तर लईच झालं.

उठले, काठी न घेता संगप्पाच्या दाराशी गेले आणि उंबऱ्यावर बसून राहिले. तो आठला उठेपर्यंत. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा हातात सिद्धम्मानं दिलेला खारीक-खोबऱ्याचा प्रसाद होता. त्यातला निम्मा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले की सोमवारचं जानं ऱ्हायलं. भैरा आसतो तर गेलो आसतो.

आता सहाला ते हेडफोन घालून ओठ मिटून ऐकतात, बोटांनी गुडघ्यावर ठेका धरतात. माझ्याशी दोन दिवस कामापुरतं बोलले. मी ते सोसलं, मला ते योग्यच वाटलं. सांगायला इतके दिवस घालवले, पण सांगितलं, मानसिंग. कुणी न विचारता, त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगितलं.

आप्पा राहिले, हे अक्काला तूच लिही. मला आहे तसा आपला म्हणावं.

तुझा,
सोपान